मोसंबीचा बहार आणि झाडावर राहिलेले फळ

आपल्या जिल्ह्याचे नाव ज्या फळामुळे दूरच्या पेठांत पोहोचले ते फळ मोसंबी होय. इ. स. २०१६ साली ‘जालना मोसंबी’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले आणि येथील बागाईतदारांच्या श्रमांवर सरकारी शिक्कामोर्तब झाले. परंतु लौकिक वाढला म्हणून बागेतील जुनी अडचण मिटली, असे मात्र झाले नाही. ती अडचण प्रत्येक बागाईतदारास ठाऊक आहे. एकाच ओळीत, एकाच मातीत, एकाच दिवशी लावलेली दोन झाडे असतात. दोहोंस खत तेच, पाणी तेच, ताणही तोच. तरी एक झाड फुलांनी लगडते व दुसऱ्यावर नुसती पालवी फुटते. आणि पुढील वर्षी बहुधा याच्या उलट घडते. कारण विचारले असता कोणी जमिनीचे नाव घेतो, कोणी कलमाचे, तर कोणी दैवाचे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कोड्याचा उलगडा पुष्कळ अंशी केला आहे. फुलाची कळी धरावी की न धरावी, याचा निर्णय झाड कोठे करिते, कशावरून करिते व तो निर्णय कोण अडविते, हे आता बरेचसे समजले आहे. ते ज्ञान प्रयोगशाळेत राहून आपणांस उपयोग नाही. म्हणून ते साध्या भाषेत वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे. त्यातून निघणारा बोध एका वाक्यात सांगता येईल. गत बहाराचे फळ वेळेबाहेर झाडावर राहिले, किंवा झाडाच्या शक्तीबाहेर लागले, तर पुढील बहाराची कळी बांधण्याचा हुकूमच झाड काढीत नाही; मग ताण कितीही उत्तम दिलेला असो.

तीन बहार व ताणाची चाल

मोसंबीस आपल्याकडे तीन वेळा फूल येऊ शकते. आंब्यास मोहर येतो त्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, येणारा तो आंबे बहार. मृगाच्या पावसावर जून-जुलैत येणारा तो मृग बहार. आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात, येणारा तो हस्त बहार. आंबे बहाराची फळे साधारणतः ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोडणीस येतात. मृग बहाराची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, तयार होतात.

झाड आपल्या इच्छेवर सोडले तर तिन्ही वेळा थोडी थोडी फुले येतात. अशा बागेत पाणी, खत, फवारणी व राखण यांचा मेळ बसत नाही आणि एकही तोडणी भरघोस होत नाही. म्हणून आपले पूर्वज एकच बहार धरण्यासाठी झाडास ताण देत आले. पाणी तोडावे, पाने फिकी पडू द्यावीत, थोडी पानगळ होऊ द्यावी आणि मग चाळणी करून, खत घालून पाणी सोडावे, अशी ही चाल आहे. आंबे बहारासाठी पाणी सामान्यतः डिसेंबरच्या आरंभापासून तोडितात. मृग बहारासाठी उन्हाळ्यात. हलक्या जमिनीत ताण एक ते दीड महिन्यात बसतो; भारी काळ्या जमिनीत ओल खोल असल्याने दोन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो.

ही चाल अनुभवाने सिद्ध झालेली आहे. परंतु ताणाने फूल का येते, हे पूर्वी नीट सांगता येत नव्हते. झाडास उपाशी ठेविले म्हणजे ते भयाने फुलते, असे पुष्कळ जण अजूनही म्हणतात. या समजुतीत थोडे सत्य आहे आणि पुष्कळ घोटाळा आहे. त्या घोटाळ्यामुळेच कित्येक बागांत ताण वाजवीपेक्षा अधिक दिला जातो.

झाडाचे दप्तर

जालना हे बियाण्यांचे शहर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापिली, आणि २००२ साली बीटी कापसास सरकारी परवानगी मिळाल्यापासून ‘जनुक’ हा शब्द खेड्यापाड्यांत बोलला जाऊ लागला. बीटी कापसात जिवाणूचे जनुक बाहेरून आणून घातले आहे. या लेखात ज्या जनुकांविषयी सांगावयाचे आहे ती बाहेरची नव्हत. ती मोसंबीच्या झाडात मुळापासूनच आहेत. प्रश्न इतकाच, की ती केव्हा कामास लागतात व केव्हा स्वस्थ बसतात.

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली, म्हणून दृष्टांतही दप्तराचाच सुचतो. तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात गावोगावचे कागद रुमालांत बांधून ठेविलेले असतात. कागद सगळे हजर असले तरी रोजचे काम सोडलेल्या रुमालावर चालते. बांधलेला रुमाल असून नसल्यासारखाच. झाडाच्या प्रत्येक पेशीत असेच एक संपूर्ण दप्तर असते. गोड संत्रे, म्हणजे ज्या जातीत मोसंबी मोडते ती जात, हिच्या दप्तराची संपूर्ण वाचणी चीनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. तीत सुमारे २९ हजार जनुके असल्याचा अंदाज निघाला. मुळाच्या पेशीत, पानाच्या पेशीत व डोळ्याच्या पेशीत हीच सर्व जनुके असतात. मुळात मुळाचे रुमाल सोडलेले असतात, पानात पानाचे. फुलाचे रुमाल मात्र वर्षातील बहुतेक काळ घट्ट बांधलेले असतात. कोणता रुमाल कोठे व केव्हा सोडावा आणि केव्हा बांधावा, या व्यवस्थेस शास्त्रज्ञ जनुकांचे नियमन म्हणतात. बहार धरणे म्हणजे या नियमनास आपल्या सोयीच्या वेळी हात घालणे होय.

हुकूम पानातून निघतो

कळी डोळ्यात धरते, म्हणून निर्णयही डोळ्यातच होत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रशियातील शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३० नंतरच्या दशकात कलमांचे प्रयोग करून असे प्रतिपादन केले, की ऋतूची खूण पान ओळखते आणि फूल धरण्याचा निरोप पानातून देठामार्गे डोळ्यापर्यंत जातो. त्या निरोपास त्यांनी ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले. निरोप जातो हे दिसत होते. तो कशाचा बनलेला आहे हे मात्र पुढील सत्तर वर्षे कोणास सापडेना. अखेर २००७ साली जर्मनीत मोहरीच्या कुळातील एका लहानशा तणावर व जपानात भातावर झालेल्या संशोधनांतून तो हाती लागला. पानात ‘एफटी’ नावाचे एक जनुक कामास लागते, त्यापासून एक प्रथिन तयार होते, आणि ते प्रथिन रसवाहिन्यांतून डोळ्यापर्यंत प्रवास करिते. तेथे पोहोचल्यावर ते फुलाचे रुमाल सोडविते. मग जो डोळा एरवी फांदी झाला असता, तो कळी होतो.

लिंबूवर्गीय झाडांतही हेच जनुक आहे. जपानी संशोधकांनी २००५ साली या जनुकाची अखंड चालू राहणारी प्रत त्रिपर्णी संत्र्याच्या रोपांत घातली, तेव्हा ज्या रोपांस फुलण्यास एरवी वर्षानुवर्षे लागतात ती काही आठवड्यांतच फुलली. एका जनुकाच्या हुकमात केवढी सत्ता आहे, हे यावरून ध्यानी येईल.

थंडी, ताण आणि पाणी

आता हे जनुक पानात कामास केव्हा लागते, हा प्रश्न. जपानात सत्सुमा संत्र्याची झाडे १५ अंश सेल्सिअस उष्णतामानात ठेविली असता त्यांत या जनुकाचे काम वाढत गेले व फुले आली. २५ अंशांत ठेविलेल्या झाडांत तसे घडले नाही. थंडी हा पहिला इशारा आहे. स्पेन, जपान अशा देशांत तेवढ्यावर भागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असल्या तरी दिवस उबदार असतात. नुसत्या थंडीने हुकूम अर्धवट निघतो, म्हणून त्यास पाण्याच्या ताणाची जोड द्यावी लागते. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात गोड संत्र्याच्या झाडांचे पाणी तोडून पानांची तपासणी केली असता, ताणातही तेच एफटी जनुक कामास लागते असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या वाडवडिलांनी जी चाल अनुभवाने बसविली तिचे मर्म हेच. उन्हाळ्यात, मृग बहाराच्या वेळी, थंडीचे साह्य मुळीच नसते. तेथे सर्व भिस्त ताणावर असते. म्हणून मेअखेरीस वळवाच्या दोन सरी आल्या की मृग बहार फसतो.

याच संशोधनात दुसरी एक महत्त्वाची गोष्ट दिसली. ताण चालू असता पानातील हुकमाचे जनुक वाढते. परंतु डोळ्यात प्रत्यक्ष कळी घडविणारी जी पुढची जनुके आहेत ती दबलेलीच राहतात. पाणी सोडल्यावर ती वर येतात आणि कळी आकारास लागते. सारांश, ताणात हुकूम लिहिला जातो आणि पाण्याने तो अमलात येतो. दोन्ही पायऱ्या वेगळ्या आहेत.

यावरून दोन चुका टाळता येतात. पहिली चूक ताण अर्धा असता पाणी सोडण्याची. डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला, किंवा शेजारच्या रानाचे पाणी बागेत पाझरले, तरीही तेच होते. हुकूम पुरता लिहिला गेलेला नसतो, आणि आलेली ओल सारी पालवीस जाते. दुसरी चूक याच्या उलट. ताण जितका कडक तितकी फुले अधिक, असे समजून झाडाची बहुतेक पाने झडेपर्यंत थांबणारे बागाईतदार आहेत. हुकूम जर पानात लिहिला जातो, तर पानेच उरली नाहीत तेव्हा तो लिहावयाचा कोठे? शिवाय अति ताणानंतर येणारी फुले बहुधा पानांवाचून, नुसत्या घोसांनी येतात. असे घोस दिसावयास शोभिवंत असतात, परंतु त्यांतील फळे टिकत नाहीत. पालवीसह येणारी फुले संख्येने थोडी असली तरी त्यांची फळे धरतात व पोसतात, कारण शेजारच्या पानाचे अन्न त्यांस मिळते. पाने फिकट होऊन साधारण चौथा हिस्सा गळाली, म्हणजे ताण बसला असे समजावे. तारीख पाहून ताण तोडण्यापेक्षा झाड पाहून तोडावा, हे अनुभवी लोकांचे सांगणे शास्त्रासही मान्य आहे.

फळ हुकूम कसा अडविते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका ओळीतील दोन झाडांपैकी एक फुलले व दुसरे फुलले नाही, असे का?

स्पेनमधील वॅलेन्सिया येथील तंत्रविद्यापीठात मानुएल आगुस्ती व त्यांचे सहकारी लिंबूवर्गीय फळझाडांच्या एकाआड एक वर्ष फळण्याच्या खोडीचा अभ्यास दीर्घ काळ करीत आले आहेत. फळांनी लगडलेली झाडे व फळ नसलेली झाडे घेऊन त्यांनी दोहोंची पाने ताडून पाहिली. थंडी दोहोंस सारखीच होती. फळ नसलेल्या झाडांच्या पानांत एफटी जनुक थंडीबरोबर कामास लागले. फळ असलेल्या झाडांच्या पानांत ते दबलेलेच राहिले. इशारा आला, परंतु हुकूम निघाला नाही. याचे कारण त्यांनी २०२० साली प्रसिद्ध केले. वाढते फळ जवळच्या पानांत ‘मॅड्स-१९’ नावाचे दुसरे एक जनुक जागे करिते. या जनुकाचे काम एफटीवर पहारा ठेवण्याचे आहे. ते जागे असेतो थंडी पडो वा ताण बसो, एफटीचा रुमाल सुटत नाही.

याहून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे. हा पहारा फळ तोडताच उठत नाही. फळाने जनुकाचा मजकूर बदललेला नसतो. परंतु रुमालास जी गाठ मारलेली असते ती त्या फांदीवर कायम राहते. जुन्या फांद्या ही आठवण धरून ठेवितात. नव्या फुटीवर मात्र ती आठवण नसते. तेथे पहारेकरी निजलेला असतो, आणि पुढील हिवाळ्यात हुकूम बिनविरोध निघतो. म्हणून ज्या झाडावर गतवर्षी बेसुमार फळ लागले, त्यावर दोन दोष एकदम येतात. जुन्या फांद्यांवर गाठ बसते. आणि सारी शक्ती फळाकडे गेल्यामुळे नवी फूट अल्प निघते. मग पुढील बहार कोठून यावा? याच्या उलट, शेजारच्या झाडावर त्या वर्षी फळ थोडे होते, नवी फूट भरपूर आली, आणि ते पुढील वर्षी वाकेपर्यंत लगडले. एका ओळीतील दोन झाडांचे कोडे ते हेच. यात दैवाचा संबंध नाही.

येथे बागाईतदाराच्या मिळकतीचा खरा प्रश्न येतो. आंबे बहाराची मोसंबी तयार झाली, परंतु बाजार मंद असला तर पुष्कळ जण फळ झाडावर राखतात. महिना दोन महिने थांबल्यास दर चढेल, ही आशा असते, आणि कधी कधी ती फळासही येते. परंतु हाच काळ पुढील आंबे बहाराचा हुकूम लिहिला जाण्याचा असतो. पूर्ण वाढलेले फळ त्या वेळी झाडावर असले तर ते अडविण्याचे काम पूर्ण जोराने करिते. त्यातच ताण दिला तर टांगलेले फळ सुकते व गळते. न दिला तर बहार जातो. चढा दर मिळाला तरी तो पुढील वर्षाच्या फुलांतून वजा होत असतो, आणि हे वजावटीचे कलम हिशेबाच्या वहीत कोणी लिहीत नाही.

बाग उक्ती दिलेली असेल तर हा धोका वाढतो. व्यापाऱ्यास चालू फळाशी काम असते; पुढील बहार हा त्याचा विषय नव्हे. त्याच्या सोयीने तोडणी लांबत गेली तर नुकसान मालकाचे. म्हणून उक्त्या सौद्यात तोडणीची अखेरची तारीख कागदावर लिहून घ्यावी, आणि ती ताणास बसण्यापूर्वीची असावी. तोंडी शब्दावर असे व्यवहार ठेवू नयेत, हे कागदांत आयुष्य काढलेल्या माणसाचे सांगणे वाचकांनी मानावे.

डोळा कोणत्या झाडाचा

मोसंबीचे बी लावून रोप केले तर त्यास फूल येण्यास पुष्कळ वर्षे लागतात. कलम केलेले झाड मात्र चौथ्या-पाचव्या वर्षी बहार धरण्याजोगे होते. याचेही कारण नियमनात आहे. बीज-रोपाच्या बाल्यावस्थेत फुलाचे रुमाल बांधून ठेवणारी जनुके जागी असतात. फळते झाड ती अवस्था ओलांडून गेलेले असते, आणि त्याचा डोळा रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर भरला तरी आपले प्रौढपण सोडीत नाही. डोळ्याबरोबर झाडाची आठवणही नव्या खुंटावर येते. २००७ साली ज्याचे कोडे सुटले त्या फ्लोरिजेनाच्याही आधी, २००१ साली, लेआंद्रो पेन्या या स्पॅनिश शास्त्रज्ञाने फुलाच्या दुसऱ्या पायरीची जनुके संत्रवर्गीय रोपांत घालून ती पहिल्याच वर्षी फुलविली होती, आणि बाल्यावस्था हीसुद्धा नियमनाचाच प्रकार आहे हे दाखविले होते.

यातून रोपवाटिकेतील व्यवहारास लागू पडणारा बोध असा, की डोळे घ्यावयाचे ते निरोगी, नियमित फळणाऱ्या व आपल्या परिचयाच्या मातृवृक्षावरूनच. झाडाच्या बुंध्यातून उठलेल्या पाणसोटांचे डोळे घेऊ नयेत. तसेच पाणसोट वेळोवेळी काढून टाकावेत. ते अन्न खातात आणि बहारास उपयोगी पडत नाहीत.

औषधांविषयी दोन शब्द

दुकानात मिळणाऱ्या वाढीच्या औषधांचा या नियमनाशी निकट संबंध आहे. जिबरेलिन हे द्रव्य झाडाच्या शरीरातही असते व विकतही मिळते. इस्रायलमधील मोनसेलीस व हालेवी यांनी १९६४ सालीच दाखविले, की कळी धरण्याच्या काळात जिबरेलिन दिले असता लिंबूवर्गीय झाडांत फूल कमी होते. पुढील संशोधनात असेही आढळले, की ते एफटी जनुकाचेच काम मंदावते. फळगळ थांबविण्यासाठी जिबरेलिन फवारण्याचा प्रघात आहे, व फळ धरल्यानंतर त्याचा उपयोगही होतो. परंतु तेच औषध ताणाच्या काळात फवारले तर आपल्या हातानेच आपला बहार बुडविल्यासारखे होईल. क्लोरमेक्वाटसारखी औषधे याच्या उलट काम करितात. ती झाडातील जिबरेलिनाची निर्मिती रोखतात, म्हणून ओल न सुटणाऱ्या भारी जमिनीत ताणास साह्य म्हणून त्यांचा उपयोग होतो. मात्र मात्रा व वेळ बदनापूर येथील मोसंबी संशोधन केंद्रात किंवा खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवावी. दुकानदाराच्या शब्दावर फवारणी करू नये. आणि झाडावर फळ टांगलेले असता कोणत्याही औषधाकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये.

बागेत काय करावे

वरील विवेचनातून ज्या गोष्टी आचरणात आणण्याजोग्या आहेत त्या येणेप्रमाणे आहेत.

१. एका झाडावर एकच बहार धरावा. दोन बहारांची फळे एका झाडावर ठेवू पाहणारास कोणताही ताण धड देता येत नाही, आणि एका बहाराचे फळ दुसऱ्याचा हुकूम अडविते. कोणता बहार धरावा हे आपल्या विहिरीच्या पाण्यावरून ठरवावे. आंबे बहाराच्या फळास उन्हाळाभर पाणी द्यावे लागते; ज्याच्या विहिरीस मार्चनंतर पाणी टिकत नाही त्याने मृग बहाराचा विचार करावा.

२. फळ तयार झाले की तोडावे. आंबे बहार धरणाऱ्याने ताणास बसण्यापूर्वी झाड रिकामे करावे.

३. झाडाच्या वयास व शक्तीस झेपेल तितकेच फळ ठेवावे. फार दाटी झाली असेल तर फळे लहान असतानाच विरळणी करावी. फळ मोठे झाल्यावर केलेली विरळणी पुढील बहारास फारशी उपयोगी पडत नाही, कारण तोवर गाठ बसून गेलेली असते. उरलेले फळ आकाराने मोठे होते व त्यास दरही बरा येतो, म्हणून विरळणीत जितके जाते असे वाटते तितके जात नाही.

४. नवी फूट ही पुढील वर्षाची पुंजी आहे. तोडणीनंतर वाळलेल्या व रोगट फांद्या काढाव्यात, खत वेळेवर द्यावे आणि पावसाळ्यातील नवी पालवी नागअळी, सिल्ला व मावा या किडींपासून जपावी. आज जी पालवी किडीस जाते, ती पुढील हिवाळ्यात हुकूम लिहिणारी पाने होणार असते.

५. ताणाच्या काळात नत्राचे खत देऊ नये व बागेत बाहेरचे पाणी शिरू देऊ नये. पाणी सोडावयाचे ते एकदम भरपूर न सोडता पहिले हलके, दुसरे त्याहून अधिक व मग नेहमीप्रमाणे, असे सोडावे.

६. प्रत्येक झाडाची नोंद ठेवावी. ओळ व क्रमांक लिहून फळ अधिक, मध्यम की अल्प इतकेच दर वर्षी टिपले, तरी तीन-चार वर्षांत कोणते झाड एकाआड एक वर्ष फळते ते स्पष्ट दिसेल. मग विरळणी कोठे करावयाची हे शोधावे लागणार नाही.

आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत भाग्यवान नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील बागाच्या बागा वाळल्या, आणि टँकरचे पाणी घालून झाडे जगविण्यासाठी लोकांनी कर्ज काढले. अशा मुलखात विहिरीतील प्रत्येक हाताचे पाणी मोलाचे आहे. बहार फसला म्हणजे नुसती फुले जात नाहीत. ताणापासून तोडणीपर्यंत त्या झाडास घातलेले वर्षभराचे पाणीही वाया जाते. जे झाड या वर्षी फुलणारच नव्हते, त्यासही आपण फुलणाऱ्या झाडाइतकेच पाणी पाजीत असतो.

पाऊस आपल्या हाती नाही, बाजारभावही आपल्या हाती नाही. परंतु झाडावर फळ किती ठेवावे व केव्हा उतरवावे, हे सर्वस्वी बागाईतदाराच्या हाती आहे. शास्त्राने दाखविलेली वाट याच एका गोष्टीवर येऊन थांबते, आणि ती आचरण्यास पैसा लागत नाही. येत्या हंगामात निदान दोन ओळींवर तरी वेळेवर तोडणी व लवकर विरळणी करून पाहावी, शेजारच्या दोन ओळी नेहमीच्या रीतीने ठेवाव्यात, आणि पुढील जानेवारीत दोहोंची फुले ताडून पाहावीत. जो अनुभव येईल तो या मासिकाकडे लिहून कळविल्यास इतर बागाईतदारांसही त्याचा लाभ होईल.